‘अनलिमिटेड’ आहे तर मग डेटा संपतो कसा? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात रिचार्जबद्दल चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा नि मेलचा ढीग लागलाय. सगळी छापायची तर अंकात दुसरं काही उरणारच नाही, म्हणून निवडक घेतलीत. नावं काढलीत, गावं ठेवलीत, आणि ज्यांनी आपापल्या कंपनीच्या नावानं बोटं मोडलीत त्या कंपन्यांची नावंही गाळलीत, कारण तक्रार सगळ्यांची सारखीच आहे, फक्त सिम वेगळं. जिथं जाहीर झालेले दर सांगायचेत तिथं मात्र नाव घेतलंय. दर सारखे बदलतात, त्यामुळे पैसे भरण्याआधी अ‍ॅपमध्ये एकदा नजर टाकाच.

प्रश्न: माझ्या प्लॅनवर अनलिमिटेड ५जी असं स्पष्ट लिहिलंय. तरी दुपारी दोन-तीनलाच ‘तुमचा आजचा ९० टक्के डेटा वापरून झाला’ असा मेसेज येतो. मग अनलिमिटेड कुठाय? कस्टमर केअरला फोन लावला तर म्हणतात फोन रिस्टार्ट करा. केला, काही फरक नाही.
(विद्यार्थी, होस्टेल, पुणे)

उत्तर: रिस्टार्टनं काही होणार नाही. फोनच्या वरच्या कोपऱ्यात बघ, रेंजच्या काड्यांशेजारी ५जी दिसतंय की ४जी. सगळी गोम तिथंच आहे. तुझ्या प्लॅनमध्ये अनलिमिटेड आहे तो फक्त ५जीवर वापरलेला डेटा. फोन ४जीवर उतरला की तुझा रोजचा दोन जीबीचा कोटा खायला सुरुवात होते आणि उतरताना फोन तुला विचारत नाही, सांगतही नाही. आपल्याकडं ५जी बऱ्याच ठिकाणी ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यात चालतं, तो भिंतीतून नीट आत शिरत नाही. त्यामुळे होस्टेलच्या गच्चीवर तुला मस्त ५जी आणि आतल्या खोलीत, मेसमध्ये, लायब्ररीच्या तळघरात ४जी, असं होत असणार. म्हणजे तू दिवसाचे बहुतेक तास जिथं बसतोस तिथंच मीटर चालू.

आता हे असं का, तर १ ऑक्टोबर २०२२ ला देशात ५जी सुरू झालं तेव्हा कंपन्यांना लोक तिकडं न्यायचे होते, म्हणून जिओ आणि एअरटेल दोघांनी २३९ रुपयांच्या प्लॅनपासून वर ५जी मोकळं सोडलं होतं. दीड जीबीवाल्यालाही मिळायचं. जुलै २०२४ ला दर वाढले तेव्हा त्याच्यासोबत गुपचूप आणखी एक गोष्ट झाली जिची बातमी फार कमी जणांनी नीट वाचली, ती म्हणजे अनलिमिटेड ५जी फक्त रोज २ जीबी आणि त्यावरच्या प्लॅनला ठेवलं. मला विचारशील तर दरवाढीपेक्षा हा बदल मोठा होता, कारण २३९ चे २९९ झाले ते सगळ्यांना दिसलं, पण त्या ६० रुपये जास्तीच्या बदल्यात आधी मिळायचं ते ५जी गेलं हे घरी येऊन डेटा संपल्यावर कळलं.

तुझं नशीब की तुझा प्लॅन दोन जीबीचा आहे. आता एवढंच कर, की आतल्या खोलीत असताना यूट्यूबची क्वालिटी ४८० वर आण, तासाला साधारण अर्धा-पाऊण जीबी जाईल. १०८० वर तेच दोन-तीन जीबी खातं आणि सहा इंची स्क्रीनवर तुला फरक तसाही कळत नाही. प्ले स्टोअरचे अपडेट वायफायवर ठेव, फोटोंचा बॅकअपही. मोठे डाउनलोड गच्चीवर जाऊन कर. हसू नकोस, खरंच सांगतोय.

प्रश्न: माझी भाजीची गाडी आहे. संध्याकाळी ऐन गिऱ्हाइकाच्या टायमाला नेट संपतं कारण पोरगा दिवसभर माझ्या फोनवर रील बघतो. नेट संपलं की पेमेंटचं अ‍ॅप नुसतं गोल गोल फिरत बसतं, पैसे आले का दिसत नाही, पण साउंडबॉक्स मात्र बोलतो. हे कसं काय? आणि नेट संपल्यावर काय काय चालतं?
(भाजीविक्रेता, नाशिक)

उत्तर: साउंडबॉक्स बोलतो कारण त्याच्या पोटात त्याचं स्वतःचं सिम असतं, तुमच्या फोनच्या डेटाशी त्याचा काही संबंध नाही. तेव्हा बॉक्स बोलला की पैसे आले समजा, फोन उघडून बघायची घाई नको. गिऱ्हाइकानं नुसता स्क्रीनशॉट दाखवला आणि बॉक्स गप्प असला तर मात्र थांबा.

दुसरं, डेटा ‘संपतो’ म्हणजे पूर्ण बंद होत नाही, स्पीड ६४ केबीपीएसवर आणतात. ऐकायला ६४ म्हणजे बरंच वाटतं पण ते किलोबिट आहेत, आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला फक्त ८ केबी पडतात. व्हॉट्सअ‍ॅपचा साधा मेसेज जातो. दोनशे केबीचा फोटो यायला पंचवीस सेकंद लागतात. तीन एमबीचा व्हिडिओ सहा मिनिटांच्या वर. आणि पेमेंटचं अ‍ॅप उघडताना पैशाची माहिती थोडीशीच असते, बाकी वर ऑफर, कर्ज, सोनं घ्या, विमा घ्या यांची चित्रं, ती सगळी त्या ८ केबीच्या वाटेनं यायला बघतात म्हणून गोल फिरत बसतं.

तुम्हालाच कुणाला पैसे द्यायचे असतील तर *९९# लावा, त्याला नेट लागतच नाही, मराठीतही मेनू आहे आणि एका वेळी ५ हजारांपर्यंत जातात. बँकेत जो नंबर दिलाय त्याच सिमवरून लावायचं, आणि पहिल्यांदा डेबिट कार्डाचे आकडे मागतं, ते घरी निवांत बसून करून ठेवा, गाडीवर नको. पहाटे मार्केट यार्डात तुम्हाला ही अडचण येत नसणार, कारण कोटा रात्री बाराला नवीन होतो आणि तेव्हा पोरगा झोपलेला असतो!

त्याच्यासाठी संध्याकाळी रोज एक जीबीचा जादा पॅक मारत असाल तर ते बंद करा. जुलै २०२४ च्या दरयादीत जिओचा १ जीबीचा पॅक १५ चा १९ झाला. दीड जीबीचा २९९ चा महिना धरला तर ४२ जीबी होतात, म्हणजे जीबी पडतो साधारण सात रुपयांना. तोच जीबी संध्याकाळी सात वाजता अडलेल्या माणसाला १९ ला. अशा वेळी दोन जीबीचा प्लॅन कधीही स्वस्त.

प्रश्न: आमच्या घरी वाद चाललाय. मिस्टर म्हणतात की २०१६ साली सगळं अनलिमिटेड होतं आणि मग हळूहळू कंपन्यांनी लिमिट आणली. मुलगी म्हणते कधीच नव्हतं. खरं कोण?
(गृहिणी, सांगली)

उत्तर: ताई, मुलगी बरोबर आहे, पण मिस्टरांना तसं का वाटतं तेही खरं आहे.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं तेव्हा डेटा फुकट होता. फुकट होता, अमर्याद नव्हता. पहिल्या ऑफरमध्ये दिवसाला ४ जीबी फुल स्पीडनं आणि मग स्पीड कमी, असं होतं. पण त्याआधी एका जीबीला अडीचशेच्या आसपास मोजून तो आपण महिनाभर पुरवायचो, फोटो डाउनलोड करू का नको याचा विचार करायचो, त्यामुळे दिवसाला ४ जीबी म्हणजे घरात कुणाला ते संपवताच येईना. न संपणारी गोष्ट अनलिमिटेडच वाटणार की. मग १ जानेवारी २०१७ पासून तेच फुकट पण दिवसाला १ जीबी झालं. मार्चअखेर फुकटचा जमाना संपला, ९९ रुपयांची प्राइम मेंबरशिप आली, ३०३ चा प्लॅन आला, मग ३०९ मध्ये ८४ दिवस रोज १ जीबी. म्हणजे बघा, चारचा एक झाला तो पहिल्या चार महिन्यांतच, दरवाढीचं कुणी नावही काढलं नव्हतं तेव्हा.

आणि जाहिरातीतलं अनलिमिटेड कशाला होतं, तर कॉलला. ‘अनलिमिटेड कॉल, रोज १ जीबी डेटा’. आपण वाचताना पहिला शब्द दोन्हीला लावला. कॉललासुद्धा काही प्लॅनमध्ये बारीक अक्षरात दिवसाला ३०० मिनिटांची अट असायची, आणि २०१९ च्या शेवटी दुसऱ्या कंपनीच्या नंबरवर बोलायच्या मिनिटांची मर्यादा आली होती ती जानेवारी २०२१ ला गेली. आज कॉल बऱ्यापैकी खरेच अनलिमिटेड आहेत, कारण कॉल आता कुणी करत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर करतात, आणि तो डेटातून जातो.

माझा आक्षेप मर्यादेला नाहीये. मर्यादा असू दे. माझा राग आहे तो ‘रोज’ या शब्दावर. महिन्याला ४२ जीबी एकगठ्ठा दिले असते तर ज्या दिवशी लग्नाचे व्हिडिओ आले त्या दिवशी पाच वापरले असते आणि बाकी दिवस अर्ध्यावर भागवलं असतं. पण ते खाणावळीच्या डब्यासारखं ठेवलंय, आज दोन पोळ्या उरल्या म्हणून उद्या जास्तीच्या मिळत नाहीत, आणि उद्या पाहुणा आला तर जादा पोळीचे पैसे वेगळे. रात्री बाराला उरलेला डेटा जातो तो जातो. व्होडाफोन-आयडियाच्या काही प्लॅनमध्ये सोमवार ते शुक्रवारचा उरलेला डेटा शनिवार-रविवारी वापरता येतो, तेवढं सोडलं तर प्रीपेडमध्ये उरलं-सुरलं पुढं नेण्याची पद्धत आपल्याकडं रुजलीच नाही.

तुमच्या घरातल्या वादाचा निकाल लागला असेल तर आता मिस्टरांच्या फोनमध्ये सेटिंग उघडून डेटा वापर बघा. गेल्या महिन्यात खरंच किती गेला ते दिसेल. बरेचदा ४२ जीबीचे पैसे भरलेले असतात आणि वापर त्याच्या निम्माही नसतो.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक, वय ७४. मला इंटरनेट लागत नाही. मुलगी मुंबईला, तिच्याशी रोज फोनवर बोलणं होतं तेवढं पुरे. पूर्वी मी सर्वांत स्वस्त प्लॅन टाकत असे, आता दुकानदार म्हणतो तो बंद झाला आणि दीड जीबीवालाच घ्या. न वापरण्याच्या वस्तूचे पैसे मी का द्यावेत? तसेच महिना २८ दिवसांचा कोणत्या पंचांगाप्रमाणे?
(चिपळूण)

उत्तर: सर, तुमचा प्रश्न वाचून आधी हसलो आणि मग हिशोब मांडला तेव्हा हसू गेलं. २०२४ च्या जूनपर्यंत जिओचा रोज १ जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन २०९ ला होता. जुलैत तो २४९ झाला. ऑगस्ट २०२५ ला तो वेबसाइट आणि अ‍ॅपवरून काढला, आणि त्याच सुमारास एअरटेलनंही आपला २४९ वाला काढला. मग रोजच्या डेटाचा २८ दिवसांचा प्लॅन म्हणून समोर पहिला दिसतो तो २९९. म्हणजे ज्याला डेटा नकोच होता त्याचा महिना २०९ वरून २९९ वर गेला, शेकडा त्रेचाळीस वाढ, आणि कागदावर दरवाढ फक्त एकदाच झालेली. मर्यादा खाली खेचायची एक रीत असते आणि खालची पायरीच काढून टाकायची ही दुसरी. दुसरीबद्दल आरडाओरडा कमी होतो कारण ती भोगणारे लोक तुमच्यासारखे, ट्विटरवर नसलेले.

पण तुमच्यासाठी वाट आहे आणि दुकानदारानं ती सांगितली नाही. ट्रायनं, म्हणजे फोन कंपन्यांवर नियम घालणाऱ्या सरकारी संस्थेनं, डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं की फक्त कॉल आणि एसएमएसचे, डेटा नसलेले पॅक ठेवा, आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढवायलाही परवानगी दिली. जानेवारी २०२५ मध्ये ते आले. जिओचा ४४८ ला ८४ दिवस आणि १७४८ ला ३३६ दिवस, एअरटेलचा ४६९ ला ८४ दिवस आणि १८४९ ला ३६५ दिवस. दिवसाला पाच-साडेपाच रुपये पडतात. २९९ ला २८ दिवस म्हणजे पावणेअकरा. निम्म्यात काम झालं. हे पॅक अ‍ॅपमध्ये पहिल्या पानावर नसतात, ‘व्हॉइस ओन्ली’ किंवा ‘व्हॅल्यू’ अशा नावाखाली खाली-खाली जाऊन सापडतात. मुलीला सांगा, ती मुंबईहूनच मारून देईल.

एक मात्र नीट विचार करा, या पॅकवर डेटा शून्य, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर नातवाचा फोटो येणार नाही, घरी वायफाय असेल तरच. बँकेचे ओटीपी एसएमएसनं येतात, ते येत राहतील.

२८ दिवसांबद्दल म्हणाल तर पंचांग कंपनीचं आहे. ३६५ ला २८ नं भागलं की वर्षाला १३ रिचार्ज पडतात, तेरावा महिना त्यांच्या पदरात. यावर ओरड झाली तेव्हा ट्रायनं २०२२ च्या जानेवारीत सांगितलं की प्रत्येक कंपनीनं किमान एक प्लॅन ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला संपणारा ठेवायचाच. ठेवलेत. २८ चेही चालूच आहेत, कारण बंद करा असं कुणी म्हटलंच नव्हतं.

प्रश्न: काय राव, कंपन्या म्हणत्यात परवडत नाही, परवडत नाही. एवढी करोडो गिऱ्हाइकं आणि परवडत नाही? आम्ही काय येडे दिसतोय का? लिमिट लावायला डेटा काय विहिरीतनं शेंदून काढावा लागतोय?
(कोल्हापूर)

उत्तर: शेंदावा लागत नाही हे खरं. एक जीबी जास्त गेला म्हणून टॉवरला वेगळा खर्च फारसा येत नाही. खर्च येतो तो गर्दीच्या वेळेचा. रात्री आठ ते अकरा सगळी मॅच आणि मालिका मोबाईलवर बघत असतात, तेवढा भार पेलायला टॉवर, फायबर, स्पेक्ट्रम (सरकारकडून लिलावात घ्यायच्या रेडिओ लहरी) उभं करावं लागतं आणि मग पहाटे चार वाजता ते सगळं रिकामं पडून असतं. आता तुम्हीच सांगा, गर्दीचा खर्च असेल तर मर्यादा गर्दीच्या तासाला हवी ना? पहाटे चारला वापरलेला जीबी आणि रात्री नऊला वापरलेला जीबी एकाच कोट्यातून का कापायचा? म्हणून मी म्हणतो की रोजचा कोटा नेटवर्क वाचवायला कमी आणि माणसाला एका प्लॅनवरून वरच्या प्लॅनवर ढकलायला जास्त आहे.

पण त्यांची बाजूही ऐका, ती अगदीच खोटी नाही. ऑगस्ट २०२२ च्या लिलावात स्पेक्ट्रमसाठी सगळ्या कंपन्यांनी मिळून दीड लाख कोटींची बोली लावली, त्यात एकट्या जिओचे ८८ हजार कोटी. त्याआधी ऑक्टोबर २०१९ ला सुप्रीम कोर्टाचा एजीआरचा, म्हणजे सरकारचा वाटा कंपन्यांच्या कुठल्या कमाईवर मोजायचा याचा, निकाल लागला आणि जुन्या कंपन्यांच्या डोक्यावर हजारो कोटींची थकबाकी बसली. व्होडाफोन-आयडियाची तर इतकी की सरकारनं पैशाच्या बदल्यात शेअर घेतले आणि आता जवळपास निम्मी कंपनी सरकारची आहे. २०१० च्या आसपास आपल्याकडं डझनभर कंपन्या होत्या, युनिनॉर, एअरसेल, टाटा डोकोमो, आठवतात का? २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या आणि खासगी तीनच उरल्या, चौथी बीएसएनएल.

तिघांच्या बाजारात डिसेंबर २०१९, मग नोव्हेंबर-डिसेंबर २०२१, मग जुलै २०२४, अशी दर वेळी काही दिवसांच्या अंतरानं तिघांचीही दरवाढ झाली. शेवटच्या वेळी तर जिओ आणि एअरटेल ३ जुलैला आणि व्हीआय (व्होडाफोन-आयडिया) ४ जुलैला. एका ग्राहकामागं महिन्याला सरासरी किती मिळतात त्याचा आकडा त्या कंपन्या दर तिमाहीला जाहीर करतात. एअरटेलचा एप्रिल-जून २०२४ ला २११ रुपये होता, ऑक्टोबर-डिसेंबरला २४५ झाला. जिओचा १८१ रुपये ७० पैसे होता तो २०३ च्या वर गेला. एअरटेलवाले उघड सांगतात की आम्हाला ३०० पाहिजेत. तेव्हा येडे कुणी नाही, तुम्हीही नाही आणि तेही नाहीत.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथं प्लॅन अनलिमिटेड म्हणून घेतलाय आणि कोटा संपल्याचा मेसेजही कधी येत नाही, पण महिन्याच्या शेवटी गर्दीच्या जागी नेट इतकं रडतं की काही उघडत नाही. पूर्वी असं नव्हतं. भारतात आईला सांगितलं तर ती म्हणते अमेरिकेत पण?
(एडिसन)

उत्तर: आईंना सांगा, अमेरिकेत तर हे आधी झालं. एटी अँड टी ही तिथली मोबाईल कंपनी आयफोनवाल्यांना ३० डॉलरमध्ये अनलिमिटेड डेटा द्यायची. ७ जून २०१० पासून नवीन ग्राहकांना तो बंद केला आणि १५ डॉलरला २०० एमबी, २५ डॉलरला २ जीबी असं सुरू केलं. व्हेरायझननं पुढच्या वर्षी जुलैत तेच केलं. जुन्या लोकांचा अनलिमिटेड प्लॅन काढून घेतला नाही, पण त्यांनी जरा जास्त वापरलं की स्पीड पाडायला लागले. यावर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं ऑक्टोबर २०१४ मध्ये एटी अँड टीवर दावा लावला, म्हणणं असं की अनलिमिटेड म्हणून विकता आणि मग गळा दाबता, ही फसवणूक आहे. २०१९ ला ६ कोटी डॉलरवर तडजोड झाली. आपल्याकडं ६४ केबीपीएसवर आणतात ते प्लॅनमध्ये लिहिलेलं असतं, एवढाच फरक.

मग २०१७ च्या फेब्रुवारीत व्हेरायझननं अनलिमिटेड परत आणलं, बाकीच्यांनीही आणलं, पण ते जुनं नव्हे. आताच्या बऱ्याच प्लॅनमध्ये ठरावीक जीबीपर्यंत तुम्ही रांगेत पुढं असता, त्यानंतर टॉवरवर गर्दी असेल तर तुम्हाला मागं सरकवतात. डेटा संपत नाही, नंबर लागत नाही. तुमच्या करारात ‘प्रीमियम डेटा’ किती जीबी लिहिलाय ते शोधा, तो तुमचा खरा कोटा. हॉटस्पॉटचा आकडा वेगळा असतो, तोही बघा.

प्रश्न: घरून काम करते. मोबाईलचा हॉटस्पॉट लॅपटॉपला लावला की अर्ध्या तासात दोन जीबी गायब, आणि मी फक्त मेल बघत होते.
(डोंबिवली)

उत्तर: मेल तुम्ही बघत होतात, विंडोज अपडेट डाउनलोड करत होतं. लॅपटॉपला हॉटस्पॉट म्हणजे घरचं वायफायच वाटतं. वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या हॉटस्पॉटच्या नावापुढं ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा, मग मोठे अपडेट थांबतात. क्लाउडवर फोटो-फाइल चढवणारं काही चालू असेल तर तेही थांबवून ठेवा. बस.

प्रश्न: वैतागून पोर्ट करायचं ठरवलंय. बीएसएनएलला जाऊ का? आणि माझा नंबर मुंबईचा आहे, आता राहायला साताऱ्यात.
(सातारा)

उत्तर: जुलै २०२४ नंतर लाखो लोक तिकडं गेले, कारण बीएसएनएलनं तेव्हा दर वाढवले नव्हते. तुमच्या घरात आणि शेतावर रेंज येते का ते शेजाऱ्याच्या फोनवर आधी बघा, एवढाच सल्ला, कारण स्वस्त प्लॅनला रेंज नसली तर तो महागच. मुंबई आणि महाराष्ट्र-गोवा ही वेगवेगळी सर्कल आहेत पण नंबर तोच ठेवून जाता येतं, फक्त दोन-तीन दिवस जास्त लागतात. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत. १९०० वर पोर्ट असं इंग्रजीत लिहून पुढं नंबर टाकून एसएमएस करा, कोड येईल, तो घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा. प्लॅनचे उरलेले दिवस आणि डेटा नवीन कंपनीत येत नाही, म्हणून मुदत संपत आली की करा, काल रिचार्ज मारून आज पोर्ट करू नका.

प्रश्न: घरात चार फोन, चौघांचे ३४९ चे रिचार्ज. तरी रात्री डेटा संपल्यावरून भांडणं. आमच्या गल्लीत फायबरची केबल आलेली नाही. एअरफायबर घ्यावं का, आणि ते तरी खरंच अनलिमिटेड असतं का?
(बार्शी)

उत्तर: नसतं, तिथंही आकडा आहे, पण तो आकडा असा आहे की तुमच्या चौघांना त्रास होणार नाही. केबलवाल्या फायबरला महिन्याला ३३०० जीबी आणि टॉवरवरून येणाऱ्या एअरफायबरला १००० जीबी अशी मर्यादा जिओ-एअरटेलच्या अटींमध्ये असते, त्यानंतर स्पीड पडतो. हजार म्हणजे दिवसाला तेहेतीस जीबी. आणि हा कोटा महिन्याचा आहे, रोजचा नाही. रविवारी शंभर वापरा, सोमवारी शून्य, कुणी विचारत नाही. माझं मघाचं सगळं दुखणं हेच होतं की मोबाईलला असं का देत नाहीत.

आता हिशोब करा. चौघांचे मिळून २८ दिवसांना १३९६ जातात आणि मिळतात रोज ८ जीबी, तेही प्रत्येकाचे वेगळे, एकाचे उरले तर दुसऱ्याला देता येत नाहीत. जिओ एअरफायबरचा ३० एमबीपीएसचा प्लॅन ५९९ अधिक १८ टक्के जीएसटी म्हणजे ७०७ च्या आसपास. तो घेतला की जे दिवसभर घरातच असतात त्यांच्या फोनला डेटाची गरज राहत नाही, त्यांना वर चिपळूणच्या सरांना सांगितला तो कॉलचा ८४ दिवसांचा पॅक मारा. जो बाहेर फिरतो त्याचा ३४९ चा राहू दे, शाळा-कॉलेजला जाणाऱ्याला २९९ चा. घरात बसणारे दोघं धरले तर एकूण साडेसोळाशेच्या आसपास जातील, म्हणजे आतापेक्षा अडीचशेच्या आसपास जास्त, पण भांडण संपेल आणि टीव्हीलाही नेट मिळेल.

घेण्याआधी कंपनीच्या माणसाला तुमच्या गच्चीवर चढवून सिग्नल मोजायला लावा, कारण एअरफायबर म्हणजे शेवटी टॉवरवरूनच येणारं ५जी, समोर तीन मजली बिल्डिंग असली की गेलं. सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरा म्हणतील, बसवण्याचे पैसे माफ करू म्हणतील, पण पहिल्यांदा जमलं तर एकाच महिन्याचे भरा. आणि लाइट गेली की वायफाय जातं, बार्शीत हे तुम्हाला वेगळं सांगायला नको, तेव्हा राउटर आणि गच्चीवरचं यंत्र दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यायला वायरमनला आधीच सांगून ठेवा.